ईजीआर व्हॉल्व्हमधील अधूनमधून येणारा बिघाड

ईजीआर व्हॉल्व्हमधील अधूनमधून येणारा बिघाड : एंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचा काही भाग ताज्या हवेबरोबर पुन्हा आत सोडणाऱ्या झडपेतील दोष. तो कधी दिसतो, कधी आपोआप नाहीसा होतो. जालना जिल्ह्यात मोसंबी, बियाणे व प्रवासी वाहणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांत त्याची पहिली तक्रार बहुधा ‘गाडी ओढत नाही’ अशी असते. गॅरेजमध्ये नेली की गाडी नीट चालते. म्हणून दोष ज्या परिस्थितीत येतो, त्याच परिस्थितीत गाडी तपासणे हे या निदानाचे मुख्य सूत्र आहे.

कार्य : ज्वलनाचे तापमान फार वाढले की हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. ती फुप्फुसांना अपायकारक असून उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोनही तयार होतो. जळका वायू आत मिसळला की कमाल तापमान उतरते व ही ऑक्साइडे घटतात. डिझेल गाडीत झडप साधारणतः हलक्या भारावर उघडते आणि पूर्ण भारावर बंद राहते. जुन्या रचनेत ती व्हॅक्यूमवर, नंतरच्या रचनेत विजेवर चालते.

पार्श्वभूमी : वाहनांच्या प्रदूषणाची बीएस-४ मानके २०१० मध्ये महाराष्ट्रात प्रथम मुंबई, पुणे व सोलापूर येथे आली, देशभर ती १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली. त्यामुळे एमएच-२१, म्हणजे जालना पासिंगच्या जुन्या गाड्यांत बीएस-३ गाड्याही आढळतात. त्यांना दोष कोडच्या रूपात नोंदवणारी ओबीडी यंत्रणा सक्तीची नव्हती. अशा गाडीत स्कॅनर फारसे सांगत नसेल, तर सारी भिस्त कारागिराच्या निरीक्षणावर राहते.

लक्षणे व कारणे : झडप उघडी अडकली तर चढाला किंवा माल भरल्यावर काळा धूर येतो, पिकअप जातो, स्लोवर एंजिन थरथरते. बंद अडकली तर चालकाला फारसे जाणवत नाही, प्रदूषण मात्र वाढते. काजळी व एंजिन ऑइलची वाफ यांचा चिकट थर, तापल्यावर खंडित होणारी सॉलेनॉइडची कॉइल, चिरलेला व्हॅक्यूम पाइप आणि कपलरमधील ढिल्या पिना ही नेहमीची कारणे होत.

निदान : आधी चालकाला विचारावे : दोष थंड एंजिनावर येतो की तापल्यावर, रिकाम्या गाडीत की भरलेल्या, सपाट रस्त्यावर की खड्ड्यांत? खड्ड्यांत येणारा दोष वायरिंगकडे, तापल्यावर येणारा कॉइलकडे बोट दाखवतो. ओबीडी असल्यास कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम टिपून घ्यावी. दोष नोंदला गेला त्या क्षणीचे तापमान, आरपीएम व भार तिच्यात असतात. पी०४०१ म्हणजे अपुरा प्रवाह, पी०४०२ म्हणजे जादा प्रवाह, पी०४०३ म्हणजे नियंत्रक सर्किटचा दोष. पी०४०१ दिसला म्हणून झडपच बदलणे घाईचे ठरते. काजळीने तुंबलेला मार्गही तोच कोड देतो.

विजेवरील झडपेत स्कॅनरवर स्थितिदर्शक सेन्सरचे व्होल्टेज पाहत एंजिन चालू ठेवावे आणि वायरिंगचा जुडगा इंचाइंचाने हलवावा. झडप जागची न हलता आकडा उडी मारत असेल, तर प्रथम संशय कपलर, वायर व सेन्सरवर घ्यावा. व्हॅक्यूमच्या झडपेला हातपंप लावावा. पंपावरील व्हॅक्यूमचा काटा खाली सरकला तर झडपेचा पडदा फाटला आहे. पंपाने झडप उघडल्यावर स्लोवरील एंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडला नाही, तर मार्ग तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. ब्रेकही जड लागत असेल, तर दोष झडपेत नसून सामायिक व्हॅक्यूम पंपात किंवा पाइपात शोधावा. या चाचण्या एंजिन थंड असताना व पूर्ण तापल्यावर, अशा दोन्ही वेळी कराव्यात.

दुरुस्ती : झडप काढून क्लीनरने स्वच्छ करावी, विद्युत भागात द्रव जाऊ देऊ नये, बैठक खरवडू नये, गॅस्केट नवे घालावे. काजळी पुन्हा लवकर साचली तर मूळ कारण इंजेक्टर, एअर फिल्टर किंवा टर्बो यांत असू शकते. मालभरल्या गाडीने पूर्वीच्याच रस्त्यावर चाचणी घेतल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असे मानू नये.

बंद करण्याची प्रथा : पत्र्याची चकती घालून मार्ग बंद केला की धूर कमी दिसतो आणि गाडी सुधारल्यासारखी वाटते. पीयूसी या प्रदूषण तपासणीत डिझेल गाडीच्या धुराची घनता मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत. त्यामुळे अशी गाडी प्रमाणपत्र मिळवते. तरीही ही दुरुस्ती नव्हे. वाचलेल्या खर्चाची किंमत मोंढ्यातले हमाल, रस्त्यालगतचे दुकानदार आणि शाळेत जाणारी मुले श्वासातून मोजतात. दोष शोधण्यात अर्धा दिवस गेला तरी तो शोधणे हेच कारागिराचे व मालकाचे कर्तव्य आहे.