काडतुसांचे पुनर्भरण

काडतुसांचे पुनर्भरण म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नवा प्रायमर, दारू व गोळी बसवून ते पुन्हा वापरण्याजोगे करणे होय. काडतुसाच्या चार घटकांपैकी केवळ पुंगळी पुन्हा वापरता येते. त्यामुळे पिस्तूल व रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांत पुंगळीची व तिला जुळणाऱ्या प्रायमरची निवड महत्त्वाची ठरते. भारतात हे काम परवान्याशिवाय करता येत नाही.

पुंगळी

पुंगळीचे पितळ साधारणतः ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त यांचे असते. बार उडताच पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते. प्रत्येक वापरागणिक पितळ कठीण व ठिसूळ होत जाते. तोंडाशी उभी चीर गेलेली, बुडाजवळ फुगलेली किंवा प्रायमरची खाच सैल झालेली पुंगळी बाद करतात. निरनिराळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांच्या भिंतींची जाडी सारखी नसते. आतील जागा कमी असल्यास तेवढ्याच दारूने दाब वाढतो. म्हणून बुडावरील ठसा पाहून पुंगळ्या वेगळ्या केल्या जातात.

प्रायमर

बॉक्सर प्रायमरमध्ये ऐरण प्रायमरच्याच आत असते व पुंगळीला मध्यभागी एकच छिद्र असते. त्यामुळे जुना प्रायमर सुईने सहज बाहेर ढकलता येतो. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असून छिद्रे बहुधा दोन असतात. अशा पुंगळ्या पुनर्भरणास गैरसोयीच्या ठरतात. या दोन्ही पद्धती १८६० च्या दशकातील आहेत. पिस्तुलाच्या लहान प्रायमरचा व्यास सुमारे ४.४५ मिमी, तर मोठ्याचा ५.३३ मिमी असतो. .४५ एसीपी काडतुसाच्या पुंगळ्या दोन्ही मापांत आढळतात, त्यामुळे त्या तपासून घ्याव्या लागतात. रायफलच्या प्रायमरची वाटी अधिक जाड असल्याने पिस्तुलात तो न पेटण्याचा संभव असतो. प्रायमर पुंगळीच्या बुडाबाहेर डोकावत असल्यास रिव्हॉल्व्हरचे चक्र अडू शकते किंवा अपघाताने बार उडू शकतो.

साठवण

ब्रिटिशकाळात भारतातील लष्कराच्या साठ्यातील पितळी पुंगळ्यांना पावसाळ्यात तडे जात असत. घोड्यांच्या मूत्रातून निर्माण होणारा अमोनिया व पितळातील अंतर्गत ताण ही त्याची कारणे असल्याचे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केले. यामुळेच पुंगळ्या अमोनियायुक्त द्रावणाने स्वच्छ करणे टाळले जाते.

महाराष्ट्रातील उत्पादन

पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा आयुध निर्माणी कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. दोन्ही ठिकाणी लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. २०२१ पासून हे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत. दारूगोळ्याचे धातूचे भाग बनविणाऱ्या यंत्र इंडिया लिमिटेडचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग व निर्मितीची यंत्रसामग्रीही येते. दारूगोळा बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली, तर निर्मितीचा परवाना कलम ५ खाली लागतो. म्हणून केवळ पिस्तुलाचा परवाना असल्याने घरी काडतुसे भरण्याची मुभा मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान ७ वर्षे ते आजन्म कारावासाची तरतूद आहे.