उरलेल्या सिलिंडरांची वंशावळ

कोल्टचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर ज्या प्रकारांमुळे संग्राहकांना वेड लावतं, त्यांतले बरेचसे प्रकार दुर्मीळ व्हावेत म्हणून कुणी घडवलेच नव्हते. काटकसर आणि लष्कराची बदलती गरज यांनी ते घडवले. त्यामुळे या छंदाचा माग काढायचा, तर लिलावापेक्षा कारखान्यापासून सुरुवात करणं मला योग्य वाटतं.

आरपार भोक पाडलेल्या सिलिंडरमध्ये मागून काडतूस भरण्याचं पेटंट रॉलिन व्हाइटचं होतं आणि ते स्मिथ अँड वेसनच्या हाती होतं. १८६९ साली त्याची मुदत संपली. त्यानंतर हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यात विल्यम मेसन आणि चार्ल्स रिचर्ड्स यांच्या कामातून हे रिव्हॉल्व्हर आकाराला आलं. घोडा दर वेळी अंगठ्याने चढवायचा आणि मग चाप ओढायचा, एवढी साधी रचना. अमेरिकी लष्कराने ते १८७३ साली स्वीकारलं: .४५ कॅलिबर, साडेसात इंची नळी, पहिली मागणी ८,००० नगांची. सुरुवातीच्या नगांवर ऑर्व्हिल एन्सवर्थ या निरीक्षकाची आद्याक्षरं आहेत. त्यांतली बरीच रिव्हॉल्व्हरं कस्टरच्या सातव्या घोडदळाकडे गेली. हे दळ १८७६ साली लिटल बिगहॉर्नला लढलं, म्हणून त्या आद्याक्षरांना आज एवढं मोल आहे. बनावट अक्षरं ठोकण्याचा मोहही तितकाच मोठा.

पुढे .३८ची नवी रिव्हॉल्व्हरं आली आणि जुनी कोठारात पडली. १८९०च्या दशकात ती पुन्हा बाहेर काढून नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या गेल्या. हेच ‘आर्टिलरी’ मॉडेल. या दुरुस्तीत बहुतेक नगांचे भाग सुटे करून एकत्र केले आणि हाताला येईल तो भाग बसवला. एरवी संग्राहक प्रत्येक भागावरचा क्रमांक जुळतो का, हे भिंग लावून बघतो. इथे मात्र क्रमांक न जुळणं हाच नेहमीचा प्रकार आहे. एखाद्याने हौसेने ‘जुळते’ भाग शोधून बसवले, तर लष्कराच्या हातचं ते काम पुसलं जातं. हे माझ्या मनाला फार लागतं.

नागरी बाजारातही काही प्रकार असेच, कुणी न ठरवता दुर्मीळ होत होते. विंचेस्टर रायफलच्याच .४४-४० काडतुसावर चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर सुरुवातीला ‘कोल्ट फ्रंटियर सिक्स शूटर’ ही अक्षरं ॲसिडने कोरत, नंतर ती ठशाने उमटवू लागले. ॲसिडची अक्षरं उथळ असल्याने वापरात झिजून जात. स्पष्ट वाचता येतील अशी थोडीच उरली.

पण या साऱ्या कुळात मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘लाँग फ्लूट’. कोल्टचं १८७८चं डबल ॲक्शन मॉडेल बंद झालं तेव्हा त्याची सिलिंडरं शिल्लक राहिली होती. त्यांच्या अंगावरच्या पन्हळी नेहमीपेक्षा लांब होत्या, आणि सिंगल ॲक्शनमध्ये सिलिंडर अडवायला लागणाऱ्या बाहेरच्या खाचा त्यांना नव्हत्या. कारखान्याने त्या खाचा पाडून घेतल्या आणि १९१३ ते १९१५च्या सुमारास ही सिलिंडरं ३३०००१ पासून पुढच्या सुमारे दीड हजार क्रमांकांच्या पट्ट्यात बसवली. भंगारात घालण्याऐवजी चांगलं पोलाद कामी लावायचं, एवढाच हिशेब होता. तेव्हाच्या गिऱ्हाइकाला त्यात विशेष काही वाटलंही नसेल. आज मात्र आधी क्रमांक बघतात, मग पन्हळी. क्रमांक पट्ट्याबाहेरचा निघाला, तर सिलिंडर नंतर बदललं असावं, असा संशय घेणं भाग पडतं.

हा पडताळा शक्य होतो तो कोल्टने जपलेल्या नोंदवह्यांमुळे. ठरावीक शुल्क भरून क्रमांक कळवला की कारखान्याचं पत्र मिळतं: नोंदीत असेल त्याप्रमाणे कॅलिबर, नळीची लांबी, पॉलिश, रवानगीची तारीख, माल कुणाकडे गेला ते. साडेसात इंची नोंद आणि हातात पावणेपाच इंची नळी, असं झालं की प्रश्न सुरू होतात.

पहिल्या पिढीचं उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर थांबलं; तोवर क्रमांक साडेतीन लाखांच्या पुढे गेले होते. मग टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकांनी नवी मागणी उभी केली. बिल रूगर या बंदूक उत्पादकाने १९५३ साली ‘सिंगल-सिक्स’ हे त्याच धाटणीचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं, आणि १९५६ साली कोल्टलाही जुनं मॉडेल पुन्हा सुरू करावं लागलं. या दुसऱ्या पिढीच्या क्रमांकांमागे ‘एसए’ ही अक्षरं जोडली गेली. १९६०च्या दशकापासून संग्राहकांना समोर ठेवून स्मारक आवृत्त्याही भरपूर निघाल्या. मखमली पेटीतल्या त्या देखण्या नगांपेक्षा उरलेल्या सिलिंडराचा तो १९१३चा नग मला कितीतरी मोलाचा वाटतो.