गांजा-भांग : वांतिरोधक उपयोग

मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, पानांची भांग आणि राळेचा चरस ही कॅनाबिस सटायव्हा या एकाच वनस्पतीची रूपे. मळमळ आणि वांती आवरण्यासाठी या वनस्पतीचा, आणि गेल्या पन्नास वर्षांत मुख्यतः तिच्यातील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) या मादक द्रव्याचा, औषध म्हणून झालेला वापर या नोंदीत घेतला आहे. कर्करोगावरील केमोथेरपीमुळे होणाऱ्या वांतीवर टीएचसी गुण देते, हे चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. गाडी किंवा बोट लागण्यावरही गांजा चालतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याला भरवशाचा आधार मिळालेला नाही. आणि वर्षानुवर्षे रोज गांजा ओढणाऱ्यांपैकी काहींना गांजानेच न थांबणाऱ्या उलट्या होतात. पहिल्या विधानाचा पुरावा दुसऱ्याला जोडायचा आणि तिसऱ्याचे नावही काढायचे नाही, असा या विषयावरील बऱ्याच लोकप्रिय लेखनाचा परिपाठ आहे.

आयुर्वेदात ही वनस्पती विजया नावाने येते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ती अग्नी प्रदीप्त करणारी, पाचक आणि ग्राही (मळ बांधणारी) सांगितली आहे. जातीफलादि चूर्णात भांग पडते, ती मुख्यतः ग्रहणीच्या विकारांसाठी. म्हणजे जुन्या वैद्यकाचा भर भूक, पचन आणि जुलाब यांवर दिसतो. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने 1563 मध्ये तिथेच छापलेल्या औषधींवरील संवादग्रंथात भांगेला स्वतंत्र प्रकरण दिले. भांग घेतल्यावर श्रम जाणवत नाहीत आणि खायची वासना होते, असे त्याच्या नोकरांनी त्याला सांगितले होते. गुजरातच्या सुलतान बहादुरशहाचा एक किस्साही त्याने नोंदवला आहे : रात्री पोर्तुगाल, ब्राझील किंवा तुर्कस्तानला जावेसे वाटले की सुलतान थोडी भांग घेई. अशा प्रवासात बोट लागायचा प्रश्नच नव्हता.

पाश्चात्त्य वैद्यकाला या वनस्पतीची नीट ओळख झाली ती कलकत्त्यातून. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर तिथल्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. त्याने गांजाचे अर्क आधी जनावरांना दिले, मग संधिवात, धनुर्वात, पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश आणि पटकी यांच्या रुग्णांना दिले, आणि 1839 मध्ये आपली निरीक्षणे मांडली. पटकीच्या रुग्णांत वांती आवरल्याचे त्याने लिहिले आहे. त्याआधी इंग्लंडमध्ये पटकीच्या रुग्णांचे रक्त तपासून त्यातले पाणी आणि क्षार कमी होतात हे त्यानेच दाखवले होते, आणि पुढे भारतात तारायंत्राचे जाळे उभारण्याचे कामही त्याच्याकडेच आले. गांजाचा अर्क मात्र लहरी होता. एका बाटलीतल्या दहा थेंबांनी झोप लागे, दुसऱ्या बाटलीतल्या तेवढ्याच थेंबांनी काहीच होत नसे. नेमके कोणते द्रव्य काम करते हेच कोणाला ठाऊक नव्हते. 1964 मध्ये इस्राएलमधील वाइझमन संस्थेत राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना सांगितली, तेव्हा हा अडसर दूर झाला.

वांतीवरचे आधुनिक संशोधन सुरू झाले ते रुग्णांच्या सांगण्यावरून. सत्तरच्या दशकातील केमोथेरपी हा भयंकर अनुभव होता. औषध नसेत गेले की काही वेळात उलट्या सुरू होत आणि तासन्‌तास चालत. उपचार अर्धवट सोडून जाणारे रुग्ण होते. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ लेस्टर ग्रिनस्पून यांनी गांजाविषयीच्या गैरसमजांवर 1971 मध्ये ग्रंथ लिहिला होता. त्यांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग होता आणि केमोच्या दिवशी त्याचे फार हाल होत. एका तरुण रुग्णाला उपचाराआधी गांजा ओढल्याने आराम पडतो, हे कर्करोगतज्ज्ञ एमिल फ्रे यांच्या तोंडून ऐकल्यावर मुलाच्या आईने त्याच्याच एका मित्राकडून थोडा गांजा मिळवला. ग्रिनस्पून यांचा आधी विरोध होता. कायदा मोडणे त्यांना पटत नव्हते, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अडचणीत आणायचे नव्हते. पण त्या दिवशी मुलगा दवाखान्यातून हसत बाहेर पडला आणि वाटेत त्याने खायला मागितले.

ही हकिकत फ्रे यांच्याकडे परत पोचली. स्टीफन सॅलन, नॉर्मन झिनबर्ग आणि फ्रे यांनी बॉस्टनमध्ये 22 रुग्णांवर चाचणी घेतली. कॅप्सूलमध्ये टीएचसी आहे की नुसते तेल, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही.  1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार टीएचसीच्या 20 पाळ्यांपैकी 14 पाळ्यांत गुण आला, औषध नसलेल्या कॅप्सूलने एकाही पाळीत आला नाही. नशा चढलेली असेपर्यंत कोणाही रुग्णाला उलटी झाली नाही, हेही त्यांनी नमूद केले. त्यामुळे उपयोग औषधाचा की नशेचा, हा वाद पहिल्या दिवसापासून चिकटला. या वादात फारसा अर्थ नाही. मेंदूतील ज्या प्रकारच्या ग्राहींमुळे (रिसेप्टर) नशा चढते त्याच प्रकारच्या ग्राहींमुळे वांती थांबते. दोन्ही परिणाम पूर्णपणे वेगळे करणे आजवर साधलेले नाही.

हे ग्राही म्हणजे सीबी-1. त्यांचा छडा 1988 मध्ये लागला, आणि 1992 मध्ये शरीर स्वतःच बनवत असलेले, त्यांच्यावर बसणारे पहिले द्रव्य सापडले : आनंदामाइड. वांतीची सूत्रे लंबमज्जेत हलतात. पोटाकडून येणाऱ्या व्हेगस तंत्रिकेचे निरोप तिथे पोचतात. शेजारीच रक्तातील विषाची चाहूल घेणारा एक भाग असतो, तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत जाणूनबुजून पातळ ठेवल्यासारखी आहे. केमोच्या औषधांमुळे आतड्यातील पेशी सिरोटोनिन सोडतात, व्हेगस तंत्रिका चेतवली जाते आणि ओकारीचा आदेश सुटतो. या मार्गावरील तंत्रिकांच्या टोकांवर सीबी-1 ग्राही असतात. ते चेतवले की पुढच्या पेशीकडे जाणारे रासायनिक निरोप कमी होतात. याचा उलटा दाखला एका फसलेल्या औषधाने दिला. सीबी-1 ग्राही रोखणारे रिमोनाबँट हे वजन घटवण्याचे औषध 2006 मध्ये युरोपात आले. त्याचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम मळमळ हा होता. मानसिक दुष्परिणामांमुळे 2008 मध्ये ते मागे घेण्यात आले.

अमेरिकेत 1985 मध्ये दोन औषधांना मान्यता मिळाली. ड्रोनॅबिनॉल म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेले टीएचसी, तिळाच्या तेलात विरघळवून कॅप्सूलमध्ये भरलेले. म्हणूनच तिळाची ॲलर्जी असणाऱ्याला ते चालत नाही. नॅबिलोन हे टीएचसीशी मिळतेजुळते कृत्रिम द्रव्य, 1 ते 2 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. पोटातून घेण्याची अडचण उघड आहे : ज्याला पाणीही टिकत नाही त्याला कॅप्सूल कशी टिकणार? शिवाय गिळलेले टीएचसी यकृतातून जाताना बरेचसे खर्ची पडते, गुण यायला अर्धा ते दोन तास लागतात, आणि यकृतात त्याचे रूपांतर होऊन बनणारे द्रव्य मूळ टीएचसीपेक्षाही मादक असते. ओढलेला धूर काही मिनिटांत काम करतो आणि मात्रा झुरक्यागणिक आवरता येते, म्हणून अनेक रुग्णांना कॅप्सूलपेक्षा तोच बरा वाटे. न्यू मेक्सिको राज्याने 1978 मध्ये अशा रुग्णांसाठी संशोधनाच्या चौकटीत गांजा देण्याचा कायदा केला. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर देणाऱ्या अमेरिकी कर्करोगतज्ज्ञांपैकी 44 टक्क्यांनी, बेकायदा असूनही, निदान एका रुग्णाला गांजा सुचवल्याचे कबूल केले होते.

2001 मध्ये 30 चाचण्या आणि 1,366 रुग्ण एकत्र धरून केलेल्या आढाव्यात ही द्रव्ये प्रोक्लोरपेराझिन, मेटोक्लोप्रमाइड अशा जुन्या वांतिरोधकांपेक्षा सरस ठरली. गुंगी, चक्कर, तोंडाला कोरड, रक्तदाब उतरणे, क्वचित भास आणि संशयाने घेरले जाणे हे त्रासही जास्त होते. तरी पुढच्या पाळीला हेच द्या म्हणणारे रुग्ण जास्त निघाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2017 च्या अहवालाने केमोच्या वांतीवरील पुरावा निर्णायक मानला. या निर्णयाला एक मोठी पुस्ती जोडावी लागते. त्या चाचण्यांतील प्रतिस्पर्धी औषधे आज पहिल्या फळीत नाहीत. 1991 मध्ये ऑनडॅनसेट्रॉन आले, 2003 मध्ये ॲप्रेपिटंट, आणि पुढे डेक्सामेथासोनबरोबर ओलँझापिन रुळले. केमोने होणारी वांती यांनीच बरीचशी आटोक्यात आणली. ओलँझापिन तर स्वस्तही आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चाचणीत त्याची 10 मिलिग्रॅमची रूढ मात्रा 2.5 वर आणली तरी गुण कमी झाला नाही आणि दिवसाची झोपाळू गुंगी घटली. हे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून गांजाजन्य औषधे आज राखीव फळीत आहेत, बाकीचे उपाय करूनही ज्यांची मळमळ हटत नाही त्यांच्यासाठी. त्या जागी ती निरुपयोगी नाहीत. ऑस्ट्रेलियात अशाच रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला टीएचसी आणि कॅनाबिडिऑल (सीबीडी) यांची कॅप्सूल दिली, तेव्हा उलटी न होता आणि जादा औषध न लागता पार पडलेल्या पाळ्यांचे प्रमाण 14 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर गेले.

गाडी लागणे हे दुखणे वेगळ्या वाटेने येते. तिथे रक्तात विष नसते, आतडे बिघडलेले नसते. घाटाच्या वळणावर कानातील अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात की शरीर फिरते आहे, आणि पुस्तकात घातलेले डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. मेंदूला हा विसंवाद सहन होत नाही. ज्यांच्या अंतर्कर्णातील तोलाची यंत्रणा निकामी झाली आहे त्यांना गाडी लागत नाही, यावरून नलिकांचा वाटा कळतो. शेवटचा टप्पा मात्र लंबमज्जेतूनच जातो, आणि तिथे सीबी-1 ग्राही आहेत. म्हणून टीएचसी इथेही चालेल का, ही शंका रास्त आहे.

तिची तड लावायला उंदीर कुचकामी, कारण उंदराला उलटीच होत नाही. आपल्या घरांच्या मोरीत फिरणाऱ्या चिचुंद्रीला होते, आणि हलत्या पिंजऱ्यात ठेवली की तिला चक्क गाडी लागते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात टीएचसी दिलेल्या चिचुंद्र्यांच्या उलट्या मात्रेच्या प्रमाणात कमी झाल्या. सीबीडीने काहीच फरक पडला नाही. बाजारात प्रवासासाठी म्हणून सीबीडीचे तेल विकले जाते, ते विकणाऱ्यांनी ही दुसरी ओळ वाचलेली नसते. माणसांकडून मिळालेला दुवा 2010 चा आहे. वजनरहित अवस्थेचा अनुभव देणाऱ्या, वर चढून खाली झेप घेणाऱ्या विमानात 21 निरोगी स्वयंसेवकांना नेले. ज्यांना विमान लागले त्यांच्या रक्तात आनंदामाइडची पातळी घसरलेली आढळली, ज्यांना लागले नाही त्यांच्यात ती टिकून होती. यातून शरीराची स्वतःची यंत्रणा इथेही काम करते असे दिसते. बाहेरून गांजा दिल्याने गाडी लागणे थांबेल, हे यातून सिद्ध होत नाही. टीएचसीने अनेकांना चक्कर येते, आणि घाटात चक्कर येणाऱ्या माणसाला आणखी चक्कर देण्यात शहाणपण नाही. चालकाने तर त्याच्या जवळही जाऊ नये.

या दुखण्यावर ज्या वनस्पतिज औषधाचा पुरावा भक्कम आहे ते गांजातले नाहीच. ते आहे स्कोपोलामिन, धोतरा आणि खुरासानी ओवा यांच्या कुळातले. शंकराला भांगही वाहतात आणि धोतराही. बोट लागण्याच्या बाबतीत कौल धोतऱ्याच्या बाजूने पडला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना समुद्र ओलांडताना ते देत. 1979 मध्ये अमेरिकेत त्याची कानामागे लावायची, तीन दिवस पुरणारी पट्टी मान्य झाली. धोतऱ्याचे बी किंवा पान खाणे हा याचा घरगुती पर्याय नव्हे, ती विषबाधा आहे. भारतात प्रवासाला निघताना घेतात त्या प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन या गोळ्या गुंगी आणतात, पण त्यांचे माप ठरलेले आहे.

गांजाने उलट्या होण्याच्या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन 2004 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेडजवळच्या डोंगराळ भागातून आले. अनेक वर्षे नियमित गांजा घेणारे काही लोक ठरावीक काळाने पोटदुखी आणि अखंड उलट्या घेऊन दवाखान्यात येत, तपासण्यांत काही सापडत नसे. खूण एकच : हे रुग्ण कढत पाण्याखाली तासन्‌तास उभे राहत, कारण तेवढ्यापुरता आराम पडे. पाण्याच्या उष्णतेने चेतवले जाणारे ग्राहीच मिरचीतील कॅप्सेसिनने चेतवले जातात, म्हणून त्याचे मलम पोटावर चोळून काही जणांना उतार पडतो. ऑनडॅनसेट्रॉन इथे बहुधा हात टेकते, हॅलोपेरिडॉल अधिक गुण देते. कायमचा उपाय गांजा सोडणे हाच. अडचण अशी की गांजा उलटीवर औषध आहे असे ऐकलेला रुग्ण मळमळ सुरू झाली की आणखी ओढतो.

गरोदरपणातील मळमळीवर गांजा घेऊ नये, असा अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा स्पष्ट सल्ला आहे. टीएचसी वारेतून गर्भापर्यंत पोचते.

भारतात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा आणि चरस बाळगणे हा गुन्हा आहे, आणि टीएचसी मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. फुलोऱ्याशिवायचे पान, म्हणजे भांग, त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहते आणि तिचे नियमन राज्यांकडे जाते. त्यामुळे उत्तरेत काही ठिकाणी सरकारमान्य दुकानांत भांग मिळते, तर महाराष्ट्रात ती दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते. परवान्याच्या दुकानातल्या भांगेच्या गोळ्यातही टीएचसी किती, हे त्यावर लिहिलेले नसते.