पानथरीतून बोटाच्या टोकापर्यंत

जून 1903. मद्रासच्या सरकारी इस्पितळात डॉ. चार्ल्स डोनोव्हन यांनी बारा वर्षांच्या एका तापकरी मुलाच्या पानथरीत सुई घालून थेंबभर रक्त काढलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात बारीक, अंडाकृती जीव दिसले. कलकत्त्याजवळच्या डमडमहून परतलेल्या एका सैनिकाच्या पानथरीत विल्यम लीशमन यांना 1900 मध्येच असे जीव दिसले होते, पण तो सैनिक तोवर मेलेला होता. मद्रासचा मुलगा जिवंत होता. या तापाचं नाव काळा आजार, आणि त्याच्या निदानाची कुळकथा मी म्हणूनच या मुलापासून धरतो. रोनाल्ड रॉस यांनी त्याच वर्षी परजीवीला दोन्ही डॉक्टरांचं नाव दिलं: लीशमानिया डोनोव्हनी.

लीशमन यांनी 1901 मध्ये तयार केलेला रंग आजही आपल्याकडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज वापरला जातो. त्या जांभळट रंगात परजीवीच्या पोटात दोन ठिपके उठून दिसतात, एक गोल आणि एक काडीसारखा. हे दोन्ही दिसले की शंका उरत नाही.

पण पानथरीत घालायची ती सुई धोक्याची होती, आणि धोका आजारानेच निर्माण केलेला. हा परजीवी पानथरीतल्या, यकृतातल्या आणि अस्थिमज्जेतल्या पेशींत घर करतो. मज्जेत नवं रक्त नीट बनत नाही, आणि फुगलेली पानथरी आहेत त्या रक्तपेशीही अडवून नष्ट करते. तांबड्या पेशी घटल्या की मूल पांढरं पडतं, पांढऱ्या घटल्या की न्यूमोनियासारखे आजार त्याला गाठतात, प्लेटलेट घटल्या की नाका-हिरड्यांतून रक्त येतं. ज्याचं रक्त लवकर गोठत नाही, अशाच मुलाच्या रक्ताने भरलेल्या अवयवाला टोचायचं! सराईत हातांतही हजारात एखाद्याला जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो. म्हणून आजही प्लेटलेट चाळीस हजारांखाली असतील तर पानथरीला सुई लावत नाहीत.

कलकत्त्यात 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला एल. ई. नेपियर यांनी वेगळी वाट काढली. शिरेतलं रक्त घ्यायचं, वर आलेला सीरम वेगळा करायचा आणि त्यात फॉर्मॅलिनचा थेंब टाकायचा. आजार असेल तर सीरम काही मिनिटांत उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा घट्ट होतो, कारण या रोगात रक्तातलं ग्लोब्युलिन फार वाढतं. खेड्यातल्या दवाखान्यातही जमेल अशी ही चाचणी, आणि मला ती फार मोठी वाटते. पण आजार सुमारे तीन महिने मुरल्याशिवाय ती खात्रीने बोलत नसे, आणि उपचार नसतील तर काळा आजार बहुतेक रुग्णांचा जीव घेतो. लहान मुलाकडे तेवढी सवड कुठली?

नव्वदच्या दशकात आरके-39 नावाचं प्रथिन हाती आलं आणि त्याची पट्टी झाली. बोटाच्या टोकाचा रक्ताचा थेंब, दोन थेंब द्रावण, पंधरा मिनिटांत रेघ. दोन आठवड्यांहून जुना ताप आणि बरगडीखाली हाताला लागणारी पानथरी असलेल्या मुलाला आज बिहारमधल्या आरोग्य केंद्रातच निदान मिळतं.

पट्टी शोधते ती प्रतिपिंडं, परजीवी नव्हे. मूल बरं झाल्यावरही ती प्रतिपिंडं वर्षानुवर्षं रक्तात राहतात, त्यामुळे ताप उलटला तर रेघेवर विसंबता येत नाही. तेव्हा आधी प्लेटलेट मोजतात आणि बहुधा अस्थिमज्जेचा नमुना घेतात. पानथरीपेक्षा तिथे परजीवी सापडण्याची शक्यता कमी, पण मुलाला धोकाही कमी.