सहा वारसे, एक मंडळी: नागपूर १९७०

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा ख्रिस्ती परंपरा एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सीएनआय) उभं राहिलं. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथडिस्ट. बोलणी १९२९ पासून चालू होती. आता तुम्हीच विचारा: सगळे एकाच येशूला मानणारे, मग चाळीस वर्षं गेली कशात?

मुख्यतः दोन गोष्टींत. पहिली, बिशप. अँग्लिकनांच्या मते बिशपच्या हस्तस्पर्शाशिवाय झालेली पाळकाची दीक्षा अपुरी. काँग्रिगेशनल मंडळींना बिशप हे पदच नको. निर्णय गावातल्या मंडळीने घ्यायचा. दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडियाने जुन्या पाळकांना आहे तसं स्वीकारलं आणि पुढच्या सगळ्या दीक्षा बिशपकडून होतील असं ठरवलं. त्यावर इंग्लंडमधले अनेक अँग्लिकन नाराज झाले. नागपुरात म्हणून वेगळी वाट धरली: सगळ्या परंपरांच्या पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. ही पुन्हा दीक्षा होती का? ज्याने त्याने आपापल्या परीने अर्थ लावावा, अशी सोय त्यात होती. मला ही संदिग्धता कमजोरी वाटत नाही. तिच्यावरच तर करार टिकला.

दुसरी गोष्ट बाप्तिस्मा. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स म्हणणार, आधी विश्वास, मग पाणी. तान्ह्या बाळाला कसला विश्वास? बाकीचे बाळालाही बाप्तिस्मा देणारे. नव्या घटनेने दोन्ही पद्धती ग्राह्य धरल्या.

पण हे भेद आले कुठून, तेही बघा. अहमदनगरला १८३१ पासून काँग्रिगेशनल वळणाची अमेरिकन मराठी मिशन होती, नंतर तिथेच अँग्लिकन मिशनही आली. जिल्हा एक, भाषा एक, बहुतेकांची मूळ जातही एक, तरी मंडळ्या दोन. कोण कुठल्या चर्चचा, हे पुष्कळदा कुठला मिशनरी आधी पोचला यावर ठरलं. त्यामुळे ‘आमचा वारसा’ हा शब्द साधनांत दिसला की जरा थांबा.

या विभागणीचा कंटाळा इथल्याच लोकांना आधी आला. १९१७ मध्ये नारायण वामन टिळकांनी मिशनचं काम सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त चालत. म्हणजे सीएनआयपेक्षाही मोकळं ऐक्य! ९ मे १९१९ ला टिळक वारले. त्याच महिन्याच्या १ आणि २ तारखेला तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीत बिशप अझरिया आणि इतर ३२ जण जमले होते. त्यांतले दोन सोडले तर सगळे भारतीय. आमची फूट परदेशातून आली आहे, असं त्यांच्या जाहीरनाम्याचं म्हणणं. दक्षिणेतल्या ऐक्याची सुरुवात तिथून धरतात.

आता संशोधनाच्या कामाचं. ऐक्यावरची प्रवचनं वाचून फारसं हाती लागत नाही. सगळे ऐक्याच्याच बाजूने बोलतात. बैठकांची इतिवृत्तं काढा, आणि मालमत्तेचे कागद तर नक्कीच. अमेरिकन परंपरेच्या मोठ्या मेथडिस्ट चर्चने १९७० मध्येच अगदी शेवटच्या टप्प्यावर अंग काढून घेतलं. गुजरातेत ब्रदरन मंडळींपैकी काही जण विलीनीकरण मानायलाच तयार नव्हते. वाद मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० पर्यंत गेला आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: नुसत्या ठरावाने ट्रस्टची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. नागपूरच्या सोहळ्यानंतर ४३ वर्षांनी. तुमच्या जिल्ह्यातल्या मंडळीचा विषय घेणार असाल, तर चर्चच्या कपाटाबरोबर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही अर्ज करून ठेवा. तिथे वेळ लागतो.