ए-१० विमान आणि १९९१चे आखाती युद्ध
ए-१० हे अमेरिकेचे कमी वेगाचे विमान रणगाडे फोडण्यासाठीच बनवले गेले. वैमानिकाभोवती सुमारे ५४० किलो टायटॅनियमचे चिलखत असते. तरीही १५ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकच्या रिपब्लिकन गार्डवर हल्ला करताना अशी दोन विमाने क्षेपणास्त्रांनी पाडली. एक वैमानिक ठार झाला, दुसरा युद्धकैदी झाला. मग हवाई मोहिमेचे प्रमुख जनरल हॉर्नर यांनी ए-१० विमानांना आघाडीवरच्या, कमी बळकट तुकड्यांपुरते ठेवले. रिपब्लिकन गार्डचे काम वेगवान एफ-१६ कडे दिले. लक्षात घ्या, चिलखतामुळे मार सोसता येतो; पण विमान कुठे पाठवायचे, हे शत्रूची हवाई संरक्षण व्यवस्था किती शाबूत आहे यावर ठरते.