एक इंची पाइपमधला इंच कुठे गेला?

हार्डवेअरच्या दुकानातून एक इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या आणि त्याला व्हर्नियर कॅलिपर लावा. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, हे आपण शाळेत शिकलोय. पण अमेरिकन मापाच्या पाइपचा बाहेरचा व्यास भरतो ३३.४ मिमी, आणि जाड भिंतीच्या ‘शेड्यूल ४०’ पाइपचा आतला साधारण २६.६. म्हणजे एक इंची पाइपमध्ये इंच कुठेच सापडत नाही. त्याच्या शेजारी मेट्रिक पाइप ठेवा, ज्यावर ३२ मिमी छापलंय. तो मात्र बाहेरून बरोब्बर ३२ भरतो. दोन्ही पाइप दिसायला भावंडं, एकाच कामाचे, पण एकाचा सॉकेट दुसऱ्याला लागत नाही. फरक जेमतेम १.४ मिमीचा, तरी पाणी गळायला तेवढा पुरतो.

पॉडकास्टच्या या भागात आपण दुबईच्या देरा भागाबद्दल बोललो. तिथल्या नाइफच्या गल्ल्यांमधली हार्डवेअरची दुकानं हा माझ्या आवडीचा विषय, कारण अशा दुकानाचा फिटिंग्जचा खण उघडला की एखादं अर्काइव्ह उघडल्यासारखं वाटतं. उदाहरण म्हणून समुद्री माशांची टाकी घेऊ. फ्लॅटमध्ये प्रवाळ वाढवणाऱ्या माणसाला काचेची टाकी, खाली फिल्टरचा संप, पाणी वर चढवणारा पंप, टाकीच्या भोकात बसवायचा टँक निपल आणि हे सगळं जोडणारा पाइप एवढं लागतं. टाकी अमेरिकन मापाची असेल तर तिची भोकं इंचात, पंप युरोपातला असेल तर त्याचा जोड मिलिमीटरमध्ये. दोघांची गाठ कुठे घालायची, हा प्रश्न घेऊन माणूस देराला येतो.

हा प्रश्न आला कुठून, ते समजायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं. इंग्लंडमध्ये गॅसचे दिवे आले तेव्हा सुरुवातीच्या नळांसाठी जुन्या बंदुकांच्या नळ्या एकमेकींना जोडून वापरल्या गेल्या. दोन्हीकडे आटे असलेल्या आखूड तुकड्याला आजही ‘बॅरल निपल’ म्हणतात, तो शब्द त्याच काळाची आठवण. १८२५ मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउसने लोखंडी नळी वेल्डिंगने बनवायचं पेटंट घेतलं आणि नळ्या स्वस्त झाल्या. त्या काळात एक इंची नळी म्हणजे जिचं आतलं भोक साधारण एक इंच आहे ती. भिंत जाड, त्यामुळे बाहेरचा व्यास बराच मोठा. आटे पाडायचे ते बाहेरून. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने वेगवेगळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा करून त्यांच्या सरासरीवरून ५५ अंशांच्या आट्यांचं एक प्रमाण सुचवलं. ब्रिटिश पाइपचे आटे त्याच घराण्यातले.

एकदा लाखो एल्बो, टी आणि सॉकेट त्या मापाचे बनले की बाहेरचा व्यास बदलणं कुणालाच परवडत नाही. पुढे धातू सुधारला, भिंती पातळ झाल्या. तेव्हा बाहेरचं माप तसंच ठेवून आतलं भोक मोठं होऊ दिलं. अशा रीतीने इंच पाइपमधून हळूहळू निघून गेला आणि मागे नुसतं नाव राहिलं.

मेट्रिक प्लास्टिक पाइपची गोष्ट वेगळी. १९३० च्या दशकात जर्मनीत पीव्हीसीचे पाइप आले. त्यांच्यावर बंदुकीच्या नळीचं ओझं नव्हतं, म्हणून मोजमाप सरळ बाहेरून झालं. मापं पाहा: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३. यातला ६३ विचित्र वाटतो ना? पण प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या साधारण सव्वापट आहे. ही ‘रेनार मालिका’. शार्ल रेनार हा फ्रेंच सैन्यातला बलूनचा अभियंता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने बलूनच्या दोरांची ४२५ मापं गुणोत्तराच्या हिशोबाने १७ वर आणली, असं सांगितलं जातं. म्हणजे आपला दोन इंची पाइप बंदुकीचा वारस आणि ६३ चा पाइप बलूनचा. दोघांत तीनेक मिमीचं अंतर आहे.

आता हे दोन्ही वारस देराच्या एकाच खणात कसे आले? १९७१ पर्यंत दुबई ब्रिटिश संरक्षणाखालच्या संस्थानांपैकी एक होतं. १९५९ नंतर खाडीचा गाळ उपसून देराचा धक्का मोठ्या जहाजांसाठी खुला झाला, तो आराखडा हॅल्क्रो या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीचा. भिंतीतला तीन खिळ्यांचा प्लग आजही ब्रिटिश आहे. १९६६ मध्ये समुद्रात तेल सापडलं आणि ते काढणाऱ्या अमेरिकन कंपनीबरोबर अमेरिकन मापं आली. युरोपचा माल व्यापाराच्या वाटेने आला. आणि या सगळ्याच्या आधीपासून इथे मुंबई होतीच. १९५९ ते १९६६ या काळात दुबईत चालणारा ‘गल्फ रुपया’ भारताच्या रिझर्व्ह बँकेने काढलेला होता.

मापं बदलायची वेळ आली तेव्हा सगळं एकदम बदललं नाही. अमिरातीत पेट्रोल गॅलनऐवजी लिटरने मिळू लागलं ते २०१० पासून. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांची क्षमता सांगताना ‘दशलक्ष इंपीरियल गॅलन’ हा शब्द त्यानंतरही राहिला. टाकी पाळणाऱ्याला याचा थेट फटका बसतो. इंपीरियल गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ चा. ‘शंभर गॅलन’ टाकी एका हिशोबाने साधारण ४५५ लिटर, दुसऱ्याने ३७९. औषधाचा डोस चुकीच्या गॅलनवर काढला तर मासे मरतात.

आपल्याकडे काय झालं? १९५६ चा वजन-माप कायदा, १९५७ चे नवे पैसे, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर. हा बदल यशस्वी झाला असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण बांधकामावर जाऊन ऐका. १२ मिमीची सळई आजही ‘चार सुती’ आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे १२.७ मिमी. सळई मेट्रिक झाली, नाव सुतातच राहिलं. सोन्याचंही तेच. महाराष्ट्रातल्या सराफाकडे तोळा म्हणजे आता व्यवहारात दहा ग्रॅम. देराच्या सोनेबाजारात मात्र दहा तोळ्यांचं बिस्किट आजही ११६.६४ ग्रॅमचं, म्हणजे जुन्या तोळ्याचं. तोळा तयार करणारा देश तो विसरला आणि बाहेरच्या बंदराने तो जपला.

पाइपच्या बाबतीत आपला गोंधळ आणखी खोल आहे. जी.आय. पाइपला ‘२५ मिमी’ म्हटलं की ते आतल्या भोकाचं नाममात्र माप, म्हणजे आपला एक इंची. मेट्रिक प्लास्टिकचा ‘२५ मिमी’ म्हणजे बाहेरचा व्यास, म्हणजे जवळपास पाऊण इंची. आकडा एकच, पाइप दोन. रत्नागिरी किंवा चिपळूणहून शिकून आखातात गेलेल्या फिटरला पहिल्या आठवड्यात कळलं पाहिजे ते हेच. साहेबाच्या ड्रॉइंगवर २५ लिहिलंय, पण कुठला २५?

उपायही इतिहासातच दडलाय. इंची पाइप मेट्रिक सॉकेटमध्ये घासून बसवायचा नाही. आणि ३२ चा पाइप एक इंची सॉकेटमध्ये सैल बसला तर सोल्युशन ओतून भरायचं नाही. सोल्युशन पृष्ठभाग विरघळवून दोन थर एक करतं, पोकळी भरणं त्याचं काम नव्हे. मग मधे आटे आणायचे. एका बाजूला मेट्रिक सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटिश आटे असलेला अडॅप्टर, त्याच्यासमोर त्याच आट्यांचा पण इंची सॉकेटचा जोडीदार, मधे टेफ्लॉन टेप. हे जमतं, कारण प्लास्टिक मेट्रिक झालं तरी पाइपचे आटे कुणी बदललेच नाहीत. मेट्रिकचं माहेर असलेल्या फ्रान्समध्ये आणि जर्मनीतही नळाचे आटे इंचातच आहेत. आंतरराष्ट्रीय आयएसओ प्रमाणाने व्हिटवर्थचेच आटे उचलले.

दोन ठिकाणी मात्र सांभाळायचं. अमेरिकन आटे ६० अंशांचे. अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्हीकडे इंचात १४ आटे, त्यामुळे ब्रिटिश आणि अमेरिकन जोड एकमेकांत छान फिरतात, बसल्यासारखे वाटतात आणि नंतर आट्यांच्या वळणावळणाने झिरपतात. एक इंचाला ११ विरुद्ध साडेअकरा, तो निदान दोन-चार फेऱ्यांत अडकून इशारा देतो. दुसरं, खणात पितळी अडॅप्टर मुबलक असला तरी समुद्री टाकीत तो नको. पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं आणि प्रवाळ, कोळंबी त्याने दगावतात. अडॅप्टर प्लास्टिकचाच हवा.

मापनाचा इतिहास लिहिताना आपण कायदे, आयोग आणि अधिवेशनं मोजतो. त्यातून एक सोपी कथा तयार होते: जुनी मापं मागास, नवी शास्त्रीय, आणि सरकारने एका तारखेला बदल घडवला. पण रोजच्या आयुष्यात दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांच्यामधलं भाषांतर कुणीतरी करत असतं. आखातात ते मल्याळी दुकानदार करतो, पठाण प्लंबर करतो, कोकणी फिटर करतो. कुठला २५ कुठल्या २५ ला लागतो हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. त्याच्या व्हिसावर किंवा पगाराच्या चिठ्ठीवर या ज्ञानाला रकाना नसतो, आणि जोड गळला तर दोष मात्र त्याच्याच नावावर पडतो. ब्रिटिश गेले, रुपया गेला, गॅलनही पंपावरून गेला. मागे राहिलेल्या मापांचा मेळ घालायचं काम मात्र या माणसांवर आलं, आणि ते काम अजून संपलेलं नाही.